काचेखालचा पुरावा : रेल्वेच्या इतिहासाच्या कामात फ्लॅटबेड स्कॅनर

माझ्या लिहिण्याच्या टेबलाला काटकोनात एक लहान टेबल लावलेले आहे आणि त्यावर गेली सात वर्षे एक फ्लॅटबेड स्कॅनर आहे. त्याची काच ए-४ आकाराची आहे आणि निगेटिव्ह व पारदर्शिका (स्लाइड) स्कॅन करता याव्यात म्हणून झाकणातही एक दिवा बसवलेला आहे. रेल्वेच्या इतिहासावर काम करणाऱ्या माणसाचा दिवस फलाटांवर आणि इंजिनांच्या शेडमध्ये जात असेल असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा कागदांतच जातो. वेळापत्रके, तिकिटे, अपघातांचे चौकशी अहवाल, उतारांचे तक्ते, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या घरातून आलेले अल्बम आणि कोणी कधी काढल्या हे कोणालाच ठाऊक नसलेल्या काचेच्या निगेटिव्ह, असा तो सगळा पसारा असतो. त्यातील जवळजवळ प्रत्येक वस्तू कधी ना कधी या काचेवरून जाते. म्हणून या साधनाबद्दल सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. मॉडेलची नावे दर काही वर्षांनी बदलतात, पण यंत्राची जात तीच राहते. त्यामुळे मी एखाद्या कंपनीची शिफारस न करता, झाकणात दिवा असलेल्या घरगुती फ्लॅटबेड स्कॅनरची ही जात आपल्या कामाला कितपत उतरते, एवढेच सांगणार आहे.

माझी कसोटी सुरुवातीलाच सांगतो. चित्र सुंदर येते की नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न नाही. मूळ वस्तूवर असलेली बारीक खूण स्कॅनमध्ये उतरते का आणि उतरल्यानंतर यंत्र किंवा त्याचे सॉफ्टवेअर ती पुसून तर टाकत नाही ना, हे दोन प्रश्न मी विचारतो. पहिल्या प्रश्नाला ही यंत्रे चांगले उत्तर देतात. दुसऱ्या बाबतीत मात्र त्यांच्यावर डोळा ठेवावा लागतो.

सुरुवात तिकिटांपासून करतो, कारण माझा संग्रह तिथूनच सुरू झाला. जाड पुठ्ठ्याची ती लहान तिकिटे थॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तराने १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, न्यूकॅसल अँड कार्लाइल रेल्वेच्या नोकरीत असताना प्रचारात आणली. त्याआधी कारकून प्रत्येक प्रवाशासाठी हाताने पावती लिहीत असे. एडमंडसनने आधीच छापलेली, अनुक्रमांक घातलेली तिकिटे आणि त्यांवर तारीख दाबणारे यंत्र अशी जोडी तयार केली, आणि किती तिकिटे विकली गेली याचा हिशेब केवळ शेवटच्या क्रमांकावरून लागू लागला. ही पद्धत जगभर पसरली. ब्रिटिश रेलने ती तिकिटे १९९० मध्ये बंद केली. तिकिटाचा आकार साधारण ५७ बाय ३० मिलिमीटर असतो. ६०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने, स्कॅन केले तर सुमारे १,३५० बाय ७१० पिक्सेलचे चित्र मिळते आणि बहुतेक कामांना ते पुरते. मी मात्र १,२०० वर स्कॅन करतो आणि पाठपोट दोन्ही बाजू घेतो. मागच्या बाजूला कधी अटी छापलेल्या असतात, तर कधी कोणी पेन्सिलीने सामानाचे वजन लिहिलेले असते.

एका तिकिटाची हकीकत सांगण्यासारखी आहे. त्याच्या टोकाला तारखेच्या जागी काहीच दिसत नव्हते. तारखेची शाई पूर्ण उडून गेली होती. भिंगाखाली धरूनही हाती काही लागले नाही. काचेवर ते आडवे ठेवून स्कॅन केले, तेव्हाही जागा कोरीच आली. नंतर तेच तिकीट नव्वद अंशांत वळवून उभे ठेवले आणि पुन्हा स्कॅन केले, तेव्हा पुठ्ठ्यात दबलेल्या अंकांच्या कडांना बारीकशी सावली आली आणि दिवस, महिना व वर्षाचे शेवटचे दोन आकडे वाचता आले. याचे कारण सोपे आहे. माझ्या स्कॅनरचा दिवा कागदावर एका बाजूने, तिरपा पडतो आणि वाचक-पट्टीबरोबर सरकत जातो. शाई गेली तरी धातूच्या टंकाचा दाब पुठ्ठ्यात राहतो, आणि दिवा त्या दाबाला आडवा आला की तो उठून दिसतो. तेव्हापासून तारीख न दिसणारे प्रत्येक तिकीट मी चारही दिशांनी ठेवून पाहतो. यात वेळ जातो, पण तारीख नसलेले तिकीट आणि तारीख असलेले तिकीट यांच्या मोलात इतिहासाच्या दृष्टीने फार अंतर आहे.

इथेच यंत्राच्या निवडीतील पहिला महत्त्वाचा मुद्दा येतो. स्वस्त आणि पातळ फ्लॅटबेड स्कॅनरमध्ये सीआयएस प्रकारचा संवेदक असतो. तो काचेला जवळजवळ चिकटून सरकतो आणि काचेला टेकलेल्या गोष्टीच स्पष्ट पाहतो. थोड्या जाड, जुन्या घडणीच्या स्कॅनरमध्ये सीसीडी संवेदक, आरसे आणि भिंग असते, आणि त्याला काचेपासून काही मिलिमीटर वरचेही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. सपाट तिकिटासाठी दोन्ही चालतात. पण आपले कागद सपाट नसतात. शंभर वर्षे गुंडाळून राहिलेले छायाचित्र कडांना उचललेले असते, पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो मध्येच फुगलेला असतो आणि फिल्म तर चौकटीत बसवून काचेपासून मुद्दामच थोडी वर धरलेली असते. अशा कामाला सीसीडीच हवा. विकत घेण्याआधी डीपीआयचा आकडा पाहण्याऐवजी संवेदक कोणता आहे ते विचारावे, असे मी प्रत्येकाला सांगतो.

छापील वेळापत्रकांबाबत यंत्राशी माझा पहिला मोठा मतभेद झाला. जॉर्ज ब्रॅडशॉने १८३९ मध्ये रेल्वे वेळापत्रकांची पुस्तिका काढली आणि पुढे त्या मालिकेचे नाव इंग्रजीत वेळापत्रकालाच पर्याय होऊन बसले. प्रवाशांसाठीची ही वेळापत्रके मोलाची आहेतच, पण मला जास्त ओढ आहे ती कर्मचाऱ्यांसाठी छापलेल्या वेळापत्रकांची. त्यांत मालगाड्या असतात, रिकामी धावणारी इंजिने असतात, एकेरी मार्गावर कोणती गाडी कोणत्या स्टेशनात कोणासाठी थांबेल हे असते, आणि समासात त्या वेळच्या कर्मचाऱ्याने पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या असतात. छापलेले वेळापत्रक म्हणजे कंपनीचा बेत. गाड्या खरोखर कशा चालत होत्या, हे पेन्सिल सांगते.

असेच एक वेळापत्रक मी सॉफ्टवेअरच्या 'मजकूर' या पर्यायावर ठेवून स्कॅन केले. अक्षरे काळीभोर आली, कागद पांढराशुभ्र झाला आणि फाइल लहान झाली. चाळीस पाने झाल्यावर मूळ पुस्तिकेशी ताडून पाहिले, तेव्हा समासातील पेन्सिलीच्या खुणांपैकी निम्म्याहून अधिक गायब होत्या. सॉफ्टवेअरने फिकट करडे ते सगळे कागदाचा मळ समजून पुसले होते. पुस्तिका परत द्यायची होती, म्हणून चाळीसही पाने त्याच रात्री पुन्हा स्कॅन करावी लागली. त्या दिवसापासून मजकूर, स्पष्टता, पार्श्वभूमी काढणे, आपोआप उजळणे असे सगळे पर्याय माझ्याकडे कायमचे बंद आहेत. कागद पिवळा असेल तर स्कॅनमध्येही पिवळाच दिसू द्यावा. पातळ कागदावर मागच्या बाजूची छपाई उमटून दिसत असेल, तर त्यावरही सॉफ्टवेअरचा उपाय करू नये. पानाच्या मागे साधा काळा कागद ठेवावा. झाकणाच्या आतील पांढऱ्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश मागची अक्षरे उठवतो, काळा कागद तो प्रकाश गिळतो. पान एकंदर थोडे गडद येते, पण नंतर ते उजळता येते.

बांधीव ग्रंथांसाठी मात्र हा स्कॅनर वापरू नये, हे स्पष्ट लिहितो. शिवणीजवळचा मजकूर घेण्यासाठी पुस्तक उघडे करून काचेवर दाबले की शिवण तुटते. माझ्या हातून एका जुन्या वार्षिक अहवालाचा कणा असाच उसवला आणि त्याची हळहळ अजून वाटते. बांधीव वस्तूंसाठी वरून कॅमेरा लावावा.

जुन्या मासिकांतील छायाचित्रांची गोष्ट वेगळी आहे. ती ठिपक्यांच्या जाळीने छापलेली असतात. त्या जाळीची आणि स्कॅनरच्या पिक्सेलांची गाठ पडली की चित्रावर लाटांसारखी नक्षी उमटते. तिच्यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअरमध्ये जाळी काढण्याचा पर्याय असतो. तो नक्षी काढतो, पण त्यासाठी चित्र मऊ करतो, आणि त्या मऊपणात इंजिनाच्या बाजूवरचा ३ आणि ८ यांतील फरक नाहीसा होतो. मी अशी पाने १,२०० डीपीआयला, ठिपके स्वच्छ दिसतील अशी, जशीच्या तशी घेतो. पाहण्यासाठी लहान प्रत हवी असेल तर ती नंतर करतो. मूळ स्कॅनमध्ये ठिपके राहतात.

आता काचेच्या निगेटिव्ह. या परीक्षणाचा खरा गाभा इथे आहे, कारण या यंत्राने मला सर्वांत जास्त दिले ते इथे, आणि त्याची मर्यादाही इथेच सर्वांत जास्त जाणवली. जिलेटिनचा कोरडा थर दिलेल्या काचा १८८० च्या सुमारास सर्रास मिळू लागल्या आणि छायाचित्रकाराला स्टेशनावर तंबूतील अंधारकोठडी घेऊन जाण्याची गरज उरली नाही. त्यामुळे त्यानंतरच्या काळातील रेल्वेची छायाचित्रे संख्येने एकदम वाढतात. या काचांचे नेहमीचे इंग्रजी आकार म्हणजे पाव प्लेट सुमारे ८३ बाय १०८ मिलिमीटर, अर्धी प्लेट सुमारे १२१ बाय १६५ आणि पूर्ण प्लेट सुमारे १६५ बाय २१६. अडचण अशी की पुष्कळ घरगुती स्कॅनरमध्ये झाकणातील दिव्याची खिडकी जेमतेम सात सेंटिमीटर रुंदीची असते. ती रोल फिल्मसाठी केलेली आहे. पाव प्लेटसुद्धा तिच्यात एका वेळी मावत नाही. माझ्या पहिल्या यंत्राची खिडकी अशीच होती. काच दोन-तीन वेळा सरकवून स्कॅन करायची आणि नंतर तुकडे जोडायचे, असा उद्योग मी वर्षभर केला. दर वेळी काच उचलली की ओरखडा पडण्याची भीती असते, आणि जोडावर आकाशाचा करडा रंग क्वचितच जुळतो. सध्याच्या यंत्राची खिडकी ८ बाय १० इंचांची आहे. ज्यांच्याकडे काचा आहेत किंवा येण्याची शक्यता आहे, त्यांनी खिडकीच्या रुंदीवर तडजोड करू नये. हीच खिडकी ४ बाय ५ इंचांच्या फिल्मलाही लागते. अमेरिकेतील ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेवरील शेवटची वाफेची इंजिने रात्रीच्या वेळी टिपली, तीही अशाच मोठ्या फिल्मवर, डझनावारी फ्लॅशबल्ब एका क्षणी पेटवून. त्यांच्यासारखे काम करणारे विरळा, पण त्या आकाराचा कॅमेरा वापरणारे हौशी रेल्वे छायाचित्रकार पुष्कळ होते आणि त्यांचे खोके आजही माळ्यांवरून खाली येत आहेत.

अर्ध्या प्लेटची एक काच माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर ना स्टेशनाचे नाव होते, ना वर्ष. फलाट, छपराखालचे घड्याळ, हातगाडीवर ट्रंका, रुळांपलीकडे सिग्नलचा एक खांब आणि तारायंत्राचे खांब, एवढे नुसत्या डोळ्यांना दिसत होते. २,४०० डीपीआयला, १६ बिट करड्या छटांत तिचा स्कॅन साडेतीनशे मेगाबाइटपेक्षा मोठा झाला. काचेवर घड्याळाची तबकडी दोन मिलिमीटरही भरत नव्हती; स्कॅनमध्ये ती पावणेदोनशे पिक्सेल रुंद आली आणि काटे वाचता आले. घड्याळाची वेळ आणि ट्रंकांच्या सावल्या एकत्र धरल्या की कॅमेरा कोणत्या दिशेला होता याचा अंदाज बांधता येतो. (१८८० च्या आधीच्या चित्रांत नुसते घड्याळ वाचून थांबता येत नाही. ते कोणाची वेळ दाखवते हे विचारावे लागते. ब्रिटनमधील बहुतेक रेल्वे कंपन्यांनी १८४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत लंडनची वेळ स्वीकारली, पण ती देशभर कायद्याने लागू झाली १८८० मध्ये. ब्रिस्टलची स्थानिक वेळ लंडनच्या सुमारे दहा मिनिटे मागे होती, आणि तेथील एक्सचेंज या जुन्या बाजार-इमारतीच्या घड्याळाला आजही दोन मिनिटकाटे आहेत.)

मी मात्र अडकलो होतो सिग्नलच्या खांबापाशी. तो कडेने दिसत होता आणि त्याच्या वरच्या भागात एक बारीक, उजळ, उभी रेघ होती. जुन्या प्रकारच्या ब्रिटिश सिग्नलमध्ये खांबाला उभी फट असे आणि सिग्नलचा हात त्या फटीत बसवलेला असे. 'मार्ग मोकळा' दाखवताना हात फटीत पूर्ण लपत असे. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमधील ॲबट्स रिप्टन येथे बर्फ साचून असे हात मोकळ्या मार्गाच्या स्थितीतच अडकून राहिले, आणि त्यातून झालेल्या भीषण अपघातानंतर ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने आपल्या सिग्नलांची घडणच बदलली. एकट्या फटीवरून तारीख ठरत नाही, कारण इंग्लंडमधील नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने फटीचे खांब त्यानंतरही दीर्घकाळ वापरले. पण काच कोरड्या थराची, म्हणजे १८८० च्या आसपासची किंवा नंतरची, आणि खांब फटीचा, हे दोन्ही जुळले की शोध कोणत्या कंपन्यांच्या कागदांत घ्यायचा ते पुष्कळ आवरते.

हे सारे त्या रेघेवर अवलंबून होते. दुसऱ्या दिवशी तीच काच मी सॉफ्टवेअरचा 'धूळ आणि ओरखडे काढा' हा पर्याय चालू ठेवून पुन्हा स्कॅन केली, कारण आकाशात बरेच ठिपके होते आणि एका व्याख्यानासाठी स्वच्छ चित्र हवे होते. आकाश स्वच्छ झाले. खांबाकडे पाहिले तर रेघ नव्हती. सॉफ्टवेअरने फट ओरखडा समजून शेजारच्या करड्या रंगाने भरून टाकली होती. तारायंत्राच्या खांबांवरील चिनी मातीचे पांढरे चिमणे पेलेही (तारा ज्यांवर टेकतात ते विद्युतरोधक) त्याने धुळीत जमा केले होते. तारा तेवढ्या तुटक तुटक राहिल्या होत्या. पहिला स्कॅन हाताशी नसता आणि मूळ काच मालकाकडे परत गेली असती, तर माझ्यापुढे फट नसलेला खांब राहिला असता आणि त्यावरून मी पूर्ण चुकीच्या दिशेला गेलो असतो. एवढ्या शांतपणे, एवढ्या सफाईने पुरावा नाहीसा होतो, हे पाहून मला खरोखर भीती वाटली.

महाग यंत्रांत याहून हुशार सोय असते. तीत अवरक्त किरणांनी फिल्मचा वेगळा स्कॅन होतो. रंगीत फिल्ममधील रंगद्रव्ये त्या किरणांना अडवत नाहीत, धूळ अडवते, त्यामुळे धूळ नेमकी कुठे आहे हे यंत्राला कळते. नेहमीच्या रंगीत निगेटिव्हवर ही सोय उत्तम चालते आणि तिची मी मनापासून प्रशंसा करतो. पण कृष्णधवल निगेटिव्हमधील प्रतिमा चांदीची असते आणि चांदी अवरक्त किरण अडवते, म्हणून यंत्राला सगळी प्रतिमाच धूळ वाटते. कोडॅक कंपनीच्या कोडाक्रोम या जुन्या रंगीत फिल्मच्या पारदर्शिकांवरही ही सोय भरवशाची नाही. आपल्या संग्रहातील बहुतेक फिल्म याच दोन प्रकारांत मोडते, तेव्हा या सोयीसाठी जादा खर्च करण्याआधी आपले खोके उघडून पाहावेत. धूळ काढण्याचा माझा उपाय म्हणजे हातपंप, मऊ कुंचला आणि सकाळचा तिरपा उजेड, ज्यात काचेवरचा प्रत्येक कण दिसतो. दिवसाचा पहिला तास मी म्हणूनच स्कॅनिंगला देतो.

३५ मिलिमीटर फिल्मच्या बाबतीत जाहिरातीतील आकड्यांवर विसंबू नये. ६,४०० डीपीआयला एका चौकटीचे सुमारे साडेपाच कोटी पिक्सेल होतात, २,४०० ला पाऊण कोटींच्या थोडे वर. मी एकाच निगेटिव्हचे दोन्ही स्कॅन घेतले आणि मालगाडीच्या एका वाघिणीवर रंगवलेला क्रमांक दोन्हीत मोठा करून पाहिला. जे आकडे एकात वाचता आले तेच दुसऱ्यातही आले, आणि जे एकात धूसर होते ते दुसऱ्यातही धूसरच राहिले. फक्त फाइल सातपट झाली. फ्लॅटबेडचे भिंग तेवढे तीक्ष्ण नसते, हे त्याचे कारण. छोट्या फिल्मसाठी खास बनवलेला फिल्म-स्कॅनर किंवा चांगल्या मॅक्रो भिंगाचा कॅमेरा याहून जास्त देतो. माझ्यापुरते सांगायचे तर मी ३५ मिलिमीटर फिल्म या यंत्रावर केवळ यादी करण्यासाठी स्कॅन करतो. जी चौकट महत्त्वाची ठरते ती कॅमेऱ्याखाली जाते.

गडद छटांसाठी मात्र एक आकडा खरोखर पाहण्यासारखा आहे, तो म्हणजे कमाल घनता, म्हणजे फिल्मच्या किती दाट भागातील छटा यंत्राला ओळखता येतात ती मर्यादा. हा आकडा दशमानाच्या घातात असतो. ३.० म्हणजे प्रकाशाचा हजारावा भाग पलीकडे जातो, ४.० म्हणजे दहा हजारावा. कोडाक्रोमच्या सावल्या फार दाट असतात, आणि शेडमधील काळ्या इंजिनाच्या चाकांमधील दांडे त्या सावलीतच असतात. कमकुवत यंत्र तिथे नुसता काळा डाग देते. माझे यंत्र दांडे दाखवते, पण रेघारेघांच्या थोड्या गोंगाटासह. एकाच स्लाइडचे अनेक स्कॅन घेऊन त्यांची सरासरी काढली की तो कमी होतो.

फिल्म काचेवर ठेवण्याआधी एक दक्षता घ्यावी. जुन्या फिल्मच्या कडेला 'सेफ्टी' हा शब्द छापलेला नसेल तर ती नायट्रेटची असू शकते. नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती वापरात होती, आणि ती घरातल्या इतर संग्रहाबरोबर ठेवू नये. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारी फिल्म ॲसिटेटची असते आणि ती कुजू लागलेली असते. तिला खोक्यातून बाजूला काढून आधी तिचाच स्कॅन करावा, कारण आकसत आकसत तिचा थर सुटत जातो.

निळ्या छापांवर, म्हणजे इंजिनांच्या कारखान्यांतील निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांच्या आराखड्यांवर, या यंत्राने मला अनपेक्षित आनंद दिला. पूर्ण आराखडा ए-४ काचेवर मावत नाही हे उघड आहे, पण एखाद्या झडपेचा किंवा जोडदांड्याचा तपशील मावतो. रंगीत स्कॅन घेऊन त्यातील फक्त लाल छटा वेगळी काढली की फिकट पडलेल्या रेघा आणि मापे पुन्हा उठून दिसतात. निळे द्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, त्यामुळे पार्श्वभूमी गडद होते आणि पांढरी रेघ तेवढी उरते. एका आराखड्यावरील मापे मी दोन वर्षे अंदाजाने वापरत होतो. लाल छटेत ती स्पष्ट दिसली तेव्हा माझ्या वहीतील दोन आकडे चुकलेले निघाले.

यंत्राच्या तक्रारी दोन आहेत. तिसऱ्या वर्षी काचेच्या आतील बाजूला धुक्यासारखा पातळ थर जमला आणि गडद भागांवर पांढुरकी झाक येऊ लागली. आतील प्लास्टिक आणि वंगण यांतून सुटणाऱ्या वाफेने असे होते. काच बाहेरून कितीही पुसली तरी ती झाक जात नाही. सेवा केंद्राने यंत्र तीन आठवडे ठेवून घेतले आणि आहे तसे परत केले. शेवटी मी स्वतः स्क्रू काढून आतली काच पुसली. हे काम अवघड नाही, पण ते ग्राहकावर यावे हे मला मुळीच मान्य नाही. दुसरी तक्रार सॉफ्टवेअरची आहे. संगणकाची कार्यप्रणाली बदलली आणि कंपनीचे सॉफ्टवेअर चालेना. यंत्र धडधाकट असताना ते निकामी ठरण्याची वेळ आली. स्वतंत्र विक्रेत्याचे स्कॅनिंग सॉफ्टवेअर घेतल्यावर ते पुन्हा सुरू झाले. जुने यंत्र घेणाऱ्यांनी ही खात्री आधी करून घ्यावी. फिल्मच्या चौकटी ठिसूळ प्लास्टिकच्या आहेत, एवढी किरकोळ नोंद पुरे.

सर्व उणिवा धरूनही, तिकिटे, सुटे कागद, छायाचित्रे आणि काचेच्या निगेटिव्ह हा ज्यांचा मुख्य साठा आहे, त्यांनी सीसीडी संवेदकाचा, रुंद खिडकीचा फ्लॅटबेड स्कॅनर अवश्य घ्यावा. ज्यांच्याकडे फक्त ३५ मिलिमीटर फिल्म किंवा फक्त बांधीव ग्रंथ आहेत, त्यांनी घेऊ नये. घेतल्यावर पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअरमधील सगळ्या आपोआप सुधारणा बंद कराव्यात, मूळ स्कॅन १६ बिट टिफ या तपशील न गाळणाऱ्या फाइलप्रकारात ठेवावेत आणि त्यांना हात न लावता प्रतींवर काम करावे. प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी, ती कोरी दिसत असली तरी.

फटीच्या खांबाची ती काच अजून माझ्याकडेच आहे. मालकांनी ती पाहून होईपर्यंत ठेवायला सांगितली आहे. हातगाडीवरील एका ट्रंकेला चिठ्ठी चिकटवलेली दिसते आणि तिच्यावर छापलेली अक्षरे आहेत. २,४०० वर त्यांतील पहिले अक्षर लागते, बाकीची लागत नाहीत. येत्या आठवड्यात तेवढाच कोपरा ४,८०० वर, निगेटिव्हची काच स्कॅनरच्या काचेपासून थोडी वर उचलून, वेगवेगळ्या उंचीवर स्कॅन करून पाहणार आहे.